घरात न्हाणीघर आलं, शेजार गेला : युद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये शहरं कशी बदलली आणि लोकांना नेमकं काय आठवतं

मगांवर, टी-शर्टांवर, ऑफिसच्या भिंतींवर ते पोस्टर तुम्ही पाहिलं असेलच. लाल रंग, वर राजमुकुट आणि खाली ठसठशीत पांढरी अक्षरं : ‘कीप काम अँड कॅरी ऑन’, म्हणजे शांत राहा आणि आपलं काम चालू ठेवा. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडत असताना लंडनकरांनी हेच वाचून धीर धरला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात ब्रिटिश सरकारने १९३९ मध्ये या पोस्टरच्या सुमारे २५ लाख प्रती छापल्या, आणीबाणीची वेळ आली की लावू म्हणून गोदामात ठेवल्या, आणि पुढे कागदाची टंचाई झाल्यावर त्यातल्या बहुतेक लगद्यात घातल्या. युद्धाच्या काळात ते फारच थोड्या लोकांच्या नजरेस पडलं. २००० साली नॉर्थम्बरलंडमधल्या ॲनिक गावी जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात, लिलावात घेतलेल्या पुस्तकांच्या खोक्यात एक प्रत सापडली. मालकांनी ती फ्रेम करून लावली, गिऱ्हाइकं तशीच मागू लागली, आणि २००८ च्या मंदीनंतर ते जगभर गेलं.

जे फारसं कुणी पाहिलंच नव्हतं, ते अख्ख्या देशाला ‘आठवू’ लागलं. ब्रिटनमधल्या गतकाळाच्या ओढीबद्दल बोलताना हे ध्यानात ठेवावं लागतं, कारण तिथल्या आठवणींत असं उसनं बरंच मिसळलेलं आहे. पण तेवढ्यावरून ‘आमच्या वेळी गल्लीत दारं उघडी असायची’ म्हणणाऱ्या लाखो माणसांना खोटं ठरवणं मला पटत नाही. ती माणसं कशाबद्दल बोलतायत हे नीट ऐकलं, तर शहरांची नवी रचना करताना सरकारने काय मोजलं आणि काय मोजायचं राहून गेलं, याची यादीच हाती लागते. ती समजून घ्यायची तर सुरुवात त्या जुन्या घरांपासूनच करायला हवी.

घरं खरंच वाईट होती

एकोणिसाव्या शतकात गिरण्या आणि कारखाने वाढले तशी मँचेस्टर, लीड्स, बर्मिंगहॅम, लिव्हरपूल या शहरांत कामगारांसाठी एकाला एक चिकटलेल्या बैठ्या किंवा दुमजली घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. बर्मिंगहॅम आणि लीड्समध्ये तर ‘बॅक-टू-बॅक’ घरं होती, म्हणजे दोन रांगांची पाठ एकच. घराला मागचं दार नाही, मागची खिडकी नाही, तीन बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. हवा यायची ती फक्त पुढून. मधल्या सामायिक अंगणात नळ, कपडे धुण्याची खोली आणि चार-पाच कुटुंबांत मिळून वापरायचे संडास. ग्लासगोत दगडी, चार मजली इमारती होत्या, त्यांना टेनेमेंट म्हणत. जिन्याच्या वळणावर मजल्याचा एकच संडास आणि एका खोलीत अख्खं बिऱ्हाड. मराठी वाचकाला गिरणगावातली चाळ आठवेल, आणि ती आठवण बऱ्याच अंशी बरोबर आहे.

१९५१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधल्या एक तृतीयांशाहून जास्त कुटुंबांच्या घरात न्हाणीघर नव्हतं. भिंतीवरच्या खिळ्याला पत्र्याचा टब टांगलेला असायचा. आठवड्यातून एकदा तो काढून शेगडीपुढे ठेवायचा, पातेली तापवून भरायचा आणि घरातल्या सगळ्यांनी पाळीपाळीने त्याच पाण्यात अंघोळ करायची. पाणी तापवणं, वाहणं, शेवटी उपसून टाकणं हे सगळं बायकांच्या वाट्याचं. सोमवार हा कपड्यांचा दिवस. सकाळपासून उकळतं पाणी, वाफ, पिळायचं यंत्र, आणि गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चादरी. ग्लासगोच्या बायका लहान मुलाच्या बाबागाडीत कपड्यांचं बोचकं घालून सार्वजनिक धुलाईघरात न्यायच्या. त्या जागेला त्या ‘स्टीमी’ म्हणत. गावातली प्रत्येक बातमी तिथेच कळायची.

यात कोळशाचा धूर मिळवा. प्रत्येक घरात कोळशाची शेगडी, प्रत्येक छपरावर धुराडं. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत लंडनवर धुरकं असं बसलं की माणसाला स्वतःचे पाय दिसेनात. त्यात सुमारे ४,००० माणसं गेली असं त्या वेळी मानलं गेलं. नंतरच्या अभ्यासकांनी हा आकडा १२,००० पर्यंत नेला. १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा आला तो यामुळे. जुन्या लंडनच्या धुक्याबद्दल हळवं होणाऱ्याने तो आठवडा विसरू नये.

बॉम्ब, मग आराखडे

सप्टेंबर १९४० ते मे १९४१ या काळात जर्मन विमानांनी ब्रिटिश शहरांवर सतत बॉम्ब टाकले. लंडनवर सलग ५७ रात्री. सुमारे ४३,००० नागरिक मेले. कॉव्हेंट्रीचा मध्यभाग १४ नोव्हेंबर १९४० च्या एका रात्रीत गेला. युद्ध संपलं तेव्हा लाखो घरं पडलेली किंवा राहण्याजोगी उरलेली नव्हती, सैनिक परत येत होते, लग्नं होत होती, आणि रेशनिंग तर युद्ध संपल्यावरही चालूच होतं. पाव युद्धात कधी रेशनवर नव्हता, तो १९४६ मध्ये आला. शेवटचं रेशनिंग उठलं ते ४ जुलै १९५४ ला.

पण लोकांना उमेद होती, हे विसरून चालणार नाही. १९४५ च्या निवडणुकीत चर्चिल हरले आणि क्लेमंट ॲटलींचं मजूर सरकार आलं, ते ‘युद्धाआधीचं पुन्हा नको’ या भावनेवर. आरोग्यमंत्री अन्युरिन बेव्हन यांच्याकडेच घरबांधणीचं खातं होतं. डॉक्टर, वाणी, खाटीक आणि शेतमजूर एकाच रस्त्यावर राहतात अशा जुन्या खेड्यासारखी सरकारी वसाहत त्यांना हवी होती, म्हणून घरं मोठी आणि चांगली बांधण्यावर त्यांचा भर होता. पॅट्रिक ॲबरक्रॉम्बी यांनी लंडनचा आराखडा युद्ध चालू असतानाच, १९४३ आणि १९४४ मध्ये तयार केला होता. त्याचं सूत्र असं : मधली दाटी कमी करा, शहराभोवती हिरवा पट्टा राखा आणि जास्तीची माणसं पट्ट्यापलीकडच्या नव्या गावांत न्या. १९४६ मध्ये त्यासाठी कायदा झाला आणि पहिलं नवं गाव म्हणून स्टीव्हनेज ठरलं. तिथल्या मूळ गावकऱ्यांना हे मुळीच मान्य नव्हतं. मंत्री लुईस सिल्किन सभेला आले तर त्यांच्या गाडीच्या चाकांची हवा काढली गेली, आणि स्टेशनवर कुणीतरी, सोव्हिएत शहरांच्या नावांच्या धर्तीवर, ‘सिल्किनग्राड’ अशी पाटी लावली.

या नियोजनाच्या मुळाशी एक माणूस आहे, त्याचं मुंबईशी जवळचं नातं आहे. स्कॉटिश विचारवंत पॅट्रिक गेडिस. ‘आधी पाहणी, मग आराखडा’ हा धडा ब्रिटिश नियोजनकारांनी त्यांच्याकडूनच घेतला. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला तो गेडिस यांच्या हाताखाली, आणि मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये त्यांचे विद्यार्थी. पुढे तो विभाग घुर्यांनीच चालवला. एडिंबरोच्या जुन्या भागात गेडिस स्वतः सहकुटुंब राहायला गेले होते. भारतातल्या शहरांचे अहवाल लिहिताना त्यांनी परोपरीने सांगितलं, की सगळी वस्ती पाडून सरळ रस्ते काढू नका. जे अगदी पडायला आलंय तेवढं काढा, हवा-उजेडाला वाट करून द्या, बाकीचं दुरुस्त करा. युद्धानंतरच्या ब्रिटनने त्यांची पाहणीची पद्धत उचलली आणि हा सल्ला मात्र बाजूला ठेवला. पुढच्या बऱ्याच हानीचं मूळ मला इथे दिसतं.

नळ, संडास, खोल्या मोजल्या; आई मोजली नाही

१९५० च्या दशकात मायकेल यंग आणि पीटर विल्मट या दोन समाजशास्त्रज्ञांनी पूर्व लंडनमधल्या बेथनल ग्रीन या कामगार वस्तीत घरोघर जाऊन मुलाखती घेतल्या. यंग हे साधे अभ्यासक नव्हते; १९४५ च्या मजूर पक्षाच्या जाहीरनाम्याचा मसुदा लिहिण्यात त्यांचा मोठा हात होता. म्हणजे ज्या धोरणाने या वस्तीतली माणसं नव्या वसाहतींत हलवली, त्याचा एक शिल्पकारच तपासायला आला होता. १९५७ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि आजही या विषयावरचं बोलणं त्यांच्यापासून सुरू होतं.

त्यांना दिसलं ते असं. बेथनल ग्रीनमधलं कुटुंब आई आणि लग्न झालेल्या मुलीभोवती फिरत होतं. ज्यांची आई हयात होती अशा निम्म्याहून जास्त लग्न झालेल्या बायका आदल्या चोवीस तासांत आईला भेटलेल्या होत्या. मुलगी आईच्या गल्लीत किंवा पुढच्या वळणावर राहायची. मूल आजारी पडलं, नवऱ्याचं काम सुटलं, बाळंतपण आलं की आई दोन मिनिटांत हजर. नवरा बिचारा सासरच्या गोतावळ्यात जरा कोपऱ्यातच असायचा.

आता ही जवळीक टिकत कशी होती ते पाहा, कारण गंमत नुसत्या प्रेमात नाही, व्यवस्थेत आहे. घरं खाजगी मालकांची, भाड्याची. भाडं गोळा करायला दर आठवड्याला माणूस यायचा. वर्षानुवर्षं वेळेवर भाडं देणाऱ्या बाईचा त्याच्यापाशी शब्द असायचा. गल्लीत खोली रिकामी होणार असं कळलं की ती त्याला सांगायची, माझ्या लेकीचं लग्न ठरलंय, तिच्यासाठी ठेवा. खोली तिला मिळायची. एका पिढीने दुसऱ्या पिढीला शेजार मिळवून द्यायची ही रीत कुठल्या कायद्यात लिहिलेली नव्हती.

नगरपालिकेची घरं आली तेव्हा वाटप यादीने होऊ लागलं. ज्याची गरज मोठी, ज्याच्या खोलीत दाटी जास्त, त्याचा नंबर आधी. न्यायाने पाहिलं तर ही पद्धत जुनीपेक्षा कितीतरी चांगली. भाडेवाल्याच्या मर्जीवर कुणी अवलंबून नाही. पण आईच्या शब्दाला त्या यादीत जागा नव्हती. लेक एसेक्समधल्या डेबडनच्या नव्या वसाहतीत गेली, आई बेथनल ग्रीनमध्ये राहिली. मध्ये ट्रेनचं भाडं आणि अर्धा दिवस. बेथनल ग्रीनमध्ये साधारण चारशे माणसांमागे एक पब होता. नव्या वसाहतीत पाच हजारांमागे एक. दुकानंही लांब. बायका दिवसभर नव्या स्वयंपाकघरात एकट्या. नवरे मात्र घरात जास्त रमू लागले, बागकाम करू लागले, संध्याकाळी टीव्हीपुढे बसू लागले. मुलांना मोकळी हवा मिळाली. विचारलं तर बहुतेकजण सांगत, आम्ही आलो ते मुलांसाठी.

इथे एक सावधगिरी हवी. इतिहासकार जॉन लॉरेन्स यांनी पुढे यंग आणि विल्मट यांच्या मुलाखतींच्या मूळ टिपणांचे कागद पुन्हा वाचले, तेव्हा त्यांत वेगळे सूरही सापडले : नातेवाइकांशी पटत नसलेली माणसं, गल्लीच्या चोंबडेपणाला कंटाळलेल्या बायका, कधी एकदा इथून निघतो असं झालेली जोडपी. म्हणजे जुन्या गल्लीचं गोड चित्र रंगवण्यात अभ्यासकांचाही हात होता. यंग यांना कुटुंबव्यवस्थेची बाजू मांडायची होती आणि त्यांच्या कानाने त्या बाजूचं जास्त ऐकलं. मला दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात. एकाच बाईला न्हाणीघर हवं असतं, सासूपासून सुटका हवी असते आणि आई हाकेच्या अंतरावर हवी असते. तिला यातलं एक देताना दुसरं काढून घ्यायलाच हवं होतं असं नाही.

वर, आणखी वर

सुरुवातीची सरकारी घरं बहुतेक जमिनीवरची होती. मग मनोरे का आले? हिरव्या पट्ट्याच्या कायद्यांमुळे शहर पसरायला जागा उरली नाही, झोपडवजा वस्त्या पाडायचं काम १९५५ नंतर वेगाने सुरू झालं, आणि १९५६ च्या कायद्याने इमारत जितकी उंच तितकं सरकारी अनुदान जास्त, अशी तरतूद झाली. शहरांच्या प्रशासनांना वर चढणं परवडू लागलं. कारखान्यात ओतलेली काँक्रीटची तयार पॅनेल क्रेनने रचून महिन्याभराचं काम दिवसांत करणाऱ्या बांधकाम कंपन्या पुढे आल्या. पुढच्या दोन दशकांत दहा लाखांहून जास्त जुनी घरं पाडली गेली.

ग्लासगोमध्ये या बदलाची खूण जॅम लावलेल्या पावात सापडते. टेनेमेंटच्या मागच्या अंगणात खेळणारं पोर भूक लागली की खालून ओरडायचं आणि आई तिसऱ्या मजल्याच्या स्वयंपाकघरातून जॅमचा पाव कागदात गुंडाळून खाली टाकायची. तिकडच्या बोलीत त्याला ‘जीली पीस’ म्हणतात. मुलाला वर यावं लागत नसे, आईला खाली उतरावं लागत नसे, आणि पाव टाकता टाकता पोर काय करतंय यावर नजर पडायची. विसाव्या मजल्यावरून हे जमणं शक्यच नव्हतं. १९६० च्या दशकात ग्लासगोत यावर गाणंच झालं आणि ते मुलामुलांच्या तोंडी बसलं. नियोजनकाराच्या कागदावर घराचं क्षेत्रफळ, खिडकीतून येणारा उजेड, माणशी मोकळी जागा, सगळं वाढलं होतं. स्वयंपाकघर आणि अंगण यांच्यामधल्या हाकेला मात्र तिथे रकाना नव्हता.

काही वास्तुविशारदांना हे कळत होतं. शेफील्डमध्ये जॅक लिन आणि आयव्हर स्मिथ यांनी पार्क हिल ही प्रचंड वसाहत रचली. १९६१ मध्ये ती पूर्ण झाली. प्रत्येक तिसऱ्या मजल्यावर घरांपुढून जाणारी एवढी रुंद गॅलरी, की तीवरून दुधाची छोटी गाडी दारोदार जाऊ शकायची. पाडलेल्या गल्ल्यांचीच नावं गॅलऱ्यांना दिली आणि जुन्या शेजाऱ्यांना शक्य तिथे शेजारीच घरं दिली. सुरुवातीची बरीच वर्षं तिथले लोक खूश होते. मग शेफील्डचे पोलाद कारखाने बंद पडत गेले, देखभालीचा पैसा आटला, आणि त्याच गॅलऱ्यांची लोकांना रात्री भीती वाटू लागली. वास्तूचा दोष किती आणि गेलेल्या नोकऱ्यांचा किती, यावर अजून वाद आहेत. नोकऱ्यांचा वाटा मोठा आहे असं माझं मत आहे.

दुसरीकडे निव्वळ घाईने बांधलेले मनोरेही होते. पूर्व लंडनमधला रोनन पॉइंट, २२ मजले. मार्च १९६८ मध्ये राहायला दिला. १६ मे रोजी पहाटे अठराव्या मजल्यावरच्या एका बाईंनी चहासाठी काडी ओढली, गॅसगळतीमुळे स्फोट झाला, भिंतीचं पॅनेल बाहेर फेकलं गेलं आणि त्याच्या आधाराने उभे असलेले वरचे मजले कोसळत खालच्यांना घेऊन गेले. इमारतीचा एक अख्खा कोपरा पडला. चारजण मेले. पडला तो भाग मुख्यतः बैठकीच्या खोल्यांचा आणि लोक झोपलेले, म्हणून आकडा तेवढ्यावर राहिला. १९८६ मध्ये इमारत उतरवली तेव्हा पॅनेलांच्या काही सांध्यांत वर्तमानपत्रांचे बोळे निघाले. नव्या घरांवरचा लोकांचा विश्वास रोनन पॉइंटने उडवला, आणि जुनी गल्ली अचानक सुंदर दिसू लागली ती नेमकी यानंतर. ही ओढ बऱ्याचदा नव्याच्या अपयशातून जन्मते. जुनं उभं असताना ती क्वचितच जाणवते.

याला एक अपवाद आहे आणि तो मला फार शिकवून जातो. युद्धानंतर १९४५ ते १९४९ मध्ये सरकारने दीड लाखांहून थोडी जास्त ‘प्रीफॅब’ घरं उभी केली : कारखान्यात बनवलेली, जागेवर जोडलेली, एक मजली, दहा-पंधरा वर्षांपुरती. आत न्हाणीघर, संडास, बऱ्याच घरांत फ्रिज. त्या काळी श्रीमंतांकडेही तो सहसा नसे. पुढे-मागे छोटी बाग. ही घरं दिसायला पत्र्याच्या पेटीसारखी, तरी राहणाऱ्यांनी ती मुदत संपल्यावरही सोडली नाहीत. लंडनच्या कॅटफर्डमधली एक्सकॅलिबर वसाहत एकविसाव्या शतकातही वस्तीत होती. दार जमिनीवर उघडतं, कुंपणावरून शेजारणीशी बोलता येतं, मूल डोळ्यांसमोर खेळतं आणि गरम पाणी नळाला येतं. न्हाणीघर आणि शेजार दोन्ही एकाच वेळी देता येत होते, याचा पुरावा म्हणजे ही घरं.

एक गल्ली, दोन आठवणी

१९५६ ते १९६१ या काळात छायाचित्रकार रॉजर मेन पश्चिम लंडनमधल्या सदम स्ट्रीटवर पुन्हा पुन्हा जात राहिले. पोपडे निघालेल्या घरांपुढे क्रिकेट खेळणारी पोरं, पायऱ्यांवर बसलेल्या बायका, रस्त्यात नाचणाऱ्या मुली. युद्धोत्तर ब्रिटनच्या आठवणींवरचं कुठलंही प्रदर्शन या फोटोंवाचून होत नाही. त्यांत गाड्या जवळपास दिसत नाहीत, हे मुद्दाम पाहावं. १९५० मध्ये ब्रिटनमध्ये वीस-पंचवीस लाख मोटारी होत्या, १९७० पर्यंत त्या एक कोटीच्या वर गेल्या. गल्ली ही मुलांची जागा होती ती पार्किंगची झाली, आणि हे बुलडोझर न आलेल्या गल्ल्यांतही झालं. सिनेमागृहांचंही तसंच : १९४६ मध्ये वर्षाला १६० कोटींहून जास्त तिकिटं खपली, १९७० मध्ये २० कोटींच्याही खाली. लोक घरी टीव्ही बघत होते. जुन्या शहराला सगळं काही सरकारनेच मारलं असं नाही.

त्याच सदम स्ट्रीटच्या कोपऱ्यावर १७ मे १९५९ च्या रात्री केल्सो कॉक्रेन या अँटिग्वाहून आलेल्या ३२ वर्षांच्या सुताराला गोऱ्या तरुणांच्या टोळक्याने भोसकून मारलं. आदल्या वर्षी जवळच नॉटिंग हिलमध्ये दंगली झाल्या होत्या. त्याच्या अंत्ययात्रेला हजारावर लोक आले. खुनाबद्दल कुणालाही शिक्षा झाली नाही.

म्हणून ‘आमच्या गल्लीत सगळे एक होते’ हे वाक्य ऐकलं की कोण बोलतंय ते पाहावं लागतं. १९४८ मध्ये ‘एम्पायर विंडरश’ जहाजातून आलेल्या कॅरिबियन माणसांना, मागोमाग आलेल्या पंजाब्यांना, पाकिस्तान्यांना, बंगाल्यांना, नव्या आरोग्यसेवेत रुजू झालेल्या भारतीय डॉक्टर-नर्सना तेच शहर वेगळं आठवतं : खोली भाड्याने आहे अशा पाटीखाली काळ्यांना मनाई लिहिलेली, एका खोलीत आळीपाळीने झोपणं, शिलिंगचं नाणं टाकलं तरच पेटणारा गॅस, रॉकेलच्या स्टोव्हचा वास. घर नाकारताना वंश पाहायला कायद्याने बंदी आली ती १९६८ मध्ये. विशेष हे, की बेथनल ग्रीनमध्ये ‘आईने शब्द टाकला’ ही जी प्रेमळ रीत होती, तिचीच दुसरी बाजू अशी की ज्याची आई त्या गल्लीत नव्हती त्याला खोली मिळत नव्हती. त्याच वेळी, जुन्या रिकाम्या होत चाललेल्या घरांत याच लोकांनी नवे शेजार उभे केले. साउथॉलचे गुरुद्वारे, ब्रिक्स्टनचा बाजार, नॉटिंग हिलचा कार्निव्हल हे सगळं त्या पडक्या म्हटल्या गेलेल्या शहरातच वाढलं, आणि आज तिथली पन्नाशी-साठीतली माणसं त्याबद्दल तितक्याच ओढीने बोलतात.

आता काँक्रीटचीही आठवण येते

गल्ल्या पडत असतानाच, ९ डिसेंबर १९६० ला ग्रॅनडा टेलिव्हिजनवर ‘कॉरोनेशन स्ट्रीट’ ही मालिका सुरू झाली. सॅल्फर्डसारख्या एका काल्पनिक गावातली वीटबंद घरांची एक गल्ली, कोपऱ्यावर पब. तिच्यासाठी नमुना ठरलेली सॅल्फर्डमधली खरीखुरी आर्ची स्ट्रीट १९७१ मध्ये पाडली गेली. मालिका अजून चालू आहे. पुढच्या पिढ्यांना ती गल्ली ठाऊक आहे ती टीव्हीवरून, आणि पोस्टरसारखंच, प्रत्यक्ष न पाहिलेल्याची आठवण त्यांच्या मनात पक्की आहे.

मोठ्या वास्तूंच्या बाबतीत लोक लवकर जागे झाले. लंडनच्या यूस्टन स्टेशनची भव्य दगडी कमान १९६१-६२ मध्ये पाडली, त्यावर फार मोठा गदारोळ झाला, आणि त्याच चळवळीने शेजारचं सेंट पँक्रस वाचवलं. १९६७ मध्ये त्याला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. कामगारांच्या गल्ल्यांसाठी असं फारसं कुणी उभं राहिलं नाही. बर्मिंगहॅममधल्या बॅक-टू-बॅक घरांचा एक शेवटचा चौक तेवढा नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने दुरुस्त करून २००४ पासून लोकांना दाखवायला ठेवला आहे. हजारो घरांतून उरलेला एक चौक.

सदम स्ट्रीटचा बराच भाग पाडून तिथे एर्नो गोल्डफिंगर यांचा ३१ मजली ट्रेलिक टॉवर उभा राहिला, १९७२ मध्ये. पहिल्या काही वर्षांत तिथे राहायला जायला लोक घाबरत. मग रहिवाशांनी संघटना केली, दारावर पहारेकरी आला, इंटरकॉम आला, आणि १९९८ मध्ये त्याच मनोऱ्याला संरक्षित दर्जा मिळाला. आता तिथल्या खाजगी मालकीच्या सदनिका सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर आहेत. १९८० च्या कायद्याने सरकारी भाडेकरूंना राहतं घर सवलतीत विकत घ्यायचा हक्क दिला. ज्यांनी घेतलं त्यांचं भलं झालं, पण विकलेल्यांच्या जागी तेवढी नवी घरं बांधली गेली नाहीत. एके काळी देशातली जवळपास एक तृतीयांश कुटुंबं सरकारी घरांत राहत होती. आज लंडनमध्ये घर न परवडणाऱ्या तिशीतल्या मुलामुलींना १९६० च्या दशकातल्या काँक्रीटची ओढ वाटते ती यामुळे. त्यांना भावतो तो निव्वळ करडा रंग नव्हे, सरकार सामान्य माणसासाठी घर बांधत होतं ही गोष्ट.

पूर्व लंडनमधली रॉबिन हूड गार्डन्स ही वसाहतही १९७२ चीच, ॲलिसन आणि पीटर स्मिथसन यांनी रचलेली, तशाच रुंद गॅलऱ्यांची. तिला संरक्षित दर्जा द्यावा म्हणून नामवंत वास्तुविशारदांनी बरीच खटपट केली, सरकारने नाकारलं, आणि २०१७ मध्ये पाडकाम सुरू झालं. त्याच वर्षी व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयाने तिचा तीन मजली तुकडा मिळवला आणि पुढच्या वर्षी त्याचा काही भाग व्हेनिसच्या वास्तुकला प्रदर्शनात उभा केला. त्याबरोबर कोरियन कलाकार डो हो सुह यांचा चित्रपट दाखवला गेला. पाडण्यापूर्वी कॅमेरा एकेका घराच्या आतून सावकाश नेत त्यांनी तो केला होता. सगळ्या घरांचा नकाशा एकच असला तरी प्रत्येक बिऱ्हाड आत कसं वेगळं मांडलं गेलं होतं, ते त्यात दिसतं. बेथनल ग्रीन आणि ग्लासगोमधली गॉर्बल्स ही वस्ती पाडताना महापालिकांनी खोल्या, नळ आणि संडास यांच्या नोंदी केल्या होत्या. आत कोण कुणाजवळ बसत होतं, याची नोंद करायला तेव्हा बाहेरून आलेले दोन-चार समाजशास्त्रज्ञ आणि छायाचित्रकार तेवढे होते.